उशिरा सुचलेली कोलांटी : लेखांक ५ – भार मनगटावर

प्रौढांच्या जिम्नॅस्टिक्स वर्गात दोन नावं हमखास घेतली जातात. एक हंगेरीच्या आग्नेश केलेटीचं. तिनं १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पस्तिसाव्या वर्षी चार सुवर्णपदकं मिळवली. दुसरं उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिनाचं. टोकियोत उतरली तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि ते तिचं आठवं ऑलिंपिक होतं. हुरूप यायला ही नावं ठीक आहेत, पण चाळिशीत पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. दोघींची शरीरं लहानपणापासून याच कामासाठी घडत आली होती, आपली घडली ती खुर्चीत बसून. हे सर्वांत आधी लक्षात आणून देतं ते मनगट.

एरवी मनगटाच्या वाट्याला येतं काय? कीबोर्ड, स्टिअरिंग, फोन, फार तर भाजीची पिशवी. पिशवीनं मनगट ताणलं जातं, दाबलं जात नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र पायांचं काम हातांना करावं लागतं. हॅण्डस्टँड असो की कार्टव्हील, अंगाचा भार तळहातावर येतो आणि तोही मनगट काटकोनात मागे वळलेलं असताना. तालमीत जोर मारलेली किंवा नेमानं सूर्यनमस्कार घालणारी माणसं इथे दोन पावलं पुढे असतात, कारण त्यांच्या तळहातांना जमिनीची सवय असते. बाकीच्यांचं मनगट तेवढं मागे वळतच नाही. मग कोपर वाकतं, खांदे मागे राहतात आणि आपल्याला वाटतं की ताकद कमी पडतेय.

ताकदीचंच खरं तर फसवं असतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जोर भराभर वाढल्यासारखा वाटतो, आणि त्यातला बराचसा मज्जासंस्थेचा असतो : आहेत तेच स्नायू ती नीट कामाला लावू लागते. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांध्याभोवतीचे अस्थिबंध मात्र सावकाश बदलतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांचा हिशेब महिन्यांचा असतो. म्हणून दुखणं बहुधा पहिल्या दिवशी येत नाही. ‘आता जमायला लागलं’ असं वाटून आपण सराव दुप्पट करतो, तेव्हा येतं.

एका बाबतीत मात्र प्रौढ नशीबवान. वाढत्या वयातल्या जिम्नॅस्टना मनगटाजवळच्या हाडाच्या वाढीच्या पट्टीवर सततचा भार पडून दुखापत होते. आपली ती पट्टी केव्हाच बंद झालेली असते.

तयारी अगदी साधी आहे. आधी भिंतीवर तळहात टेकून भार द्यावा, मग टेबलावर, मग गुडघे आणि हात जमिनीवर टेकून. खांदे हळूहळू मनगटाच्या पुढे न्यावेत आणि मागे आणावेत. मग बोटं आपल्याकडे वळवून तेच करावं, अंगाचं वजन न टाकता. मनगट फारच कुरकुरत असेल, तर जमिनीवर ठेवायच्या छोट्या दांड्या धराव्यात. त्यांच्यावर मनगट सरळ राहतं. पण कायम दांड्यांवरच राहिलात, तर जमिनीवरचं मनगट तयार होणार नाही.

कारण हॅण्डस्टँडचा तोल सांभाळला जातो तो मुख्यतः हातात. पाय डोक्यापलीकडे झुकू लागले की बोटांची टोकं जमिनीत रुतवायची. ते आल्या वाटेनं परत येऊ लागले, तर भार तळहाताच्या बुडाशी येतो आणि तिथून सावरणं अवघड जातं. बोटं पसरून, जमीन पकडल्यासारखा हात ठेवायला कोच सांगतात ते यासाठीच. सुरुवात भिंतीकडे पोट करून, पाय भिंतीवर चढवत करावी, असं माझं मत. पाठ भिंतीकडे करून पाय फेकले, तर कंबर धनुष्यासारखी वाकते आणि तीच सवय लागते.

आणि पडण्याचं काय? तोल गेला की एक हात पुढे टाकून, अंग वळवून, कार्टव्हीलसारखं बाजूनं उतरायचं. मागे पडताना हात मागे ताठ टेकायचा नाही, गोल होऊन लोळायचं. ताठ हातावर पडल्यानं मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं नावेसारखं हाड मोडण्याची भीती असते. त्याचा रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ते जुळतंही सावकाश आणि पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जी खळगी पडते, तिथे पडल्यानंतर दाबून दुखत असेल, तर सूज नसली तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. पडायचं कसं हे शिकवण्याआधीच तुम्हाला उलटं उभं करणारा वर्ग असेल, तर तो बदललेला बरा.

पुढच्या आठवड्यात खांदे. हात कानाला लावून सरळ वर नेताना बरगड्या पुढे का येतात, ते पाहू.