सायकल टपावर, जीव टांगणीला!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातल्या बायकांनी शिरूरमध्ये धूळ खात पडलेल्या दोन लेडीज सायकली मिळवल्या. मिस्त्रीकडून ब्रेक, टायर-ट्यूब नीट करून घेतले. दौंडजवळच्या एका वस्तीवरच्या दोन मुली रोज शाळेत पायी जात होत्या. 'आठवी झाली, आता शाळा पुरे' असं घरात बोलणं सुरू झालं होतं. म्हटलं, शाळा उघडायच्या आत सायकली पोचल्याच पाहिजेत.

आमच्या यांनी त्या बोलेरोच्या टपावर चढवल्या, सुंभाने बांधल्या आणि निघालो. न्हावरे मागे पडलं आणि एका गतिरोधकावर वर खडखडाट झाला. सुंभ सैल होऊन एक सायकल मागच्या काचेवर लोंबकळत होती! मागून मोटारसायकलवर नवरा-बायको, मांडीवर लेकरू. त्यांनी वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मैत्रिणींनो, चूक आमचीच होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगते.

टपावरचा कॅरिअर मजबूत असतो, पण एवढ्या उंच सायकल चढवताना कंबर धरते. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात पाहा. सायकल उभी लावली तर उंची मीटरभर तरी वाढते. रेल्वेच्या बोगद्याखाली शिरताना हे विसरू नका.

मागच्या दाराला पट्ट्यांनी बसवायचा कॅरिअर हाताशी येतो. पण दारावर स्टेपनी असेल तर साधा कॅरिअर बसत नाही, स्टेपनीवर बसणाराच घ्यावा लागतो. शिवाय लेडीज सायकलला वरची आडवी दांडी नसते, मग ती अडकवायची कुठे? त्यासाठी जोडदांडी वेगळी मिळते, ती मागून घ्या. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ देऊ नका. ते नियमाविरुद्ध आहेच, अंधारात जिवावरही बेतू शकतं.

दोनच सायकली आणि माणसंही दोनच असतील, तर सगळ्यात स्वस्त आणि बिनघोर जागा गाडीच्या आतच! मागची सीट दुमडा, चाकं काढा, चेनची बाजू वर ठेवा, मध्ये जुनी चादर घाला आणि पट्ट्याने आवळा. जोरात ब्रेक लागला तरी सायकल पुढे यायला नको.

आम्हीही शेवटी तेच केलं. पंक्चरवाल्याकडून पाना आणला, सायकली आत घातल्या आणि चौफुला, पाटस करत दौंड गाठलं. वस्तीवर चाकं पुन्हा बसवली. धाकटीने लगेच टांग मारली, अंगणाला दोन चकरा मारल्या. तिची आई पदर तोंडाला लावून नुसती बघत होती. मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या हिला आता शाळंत."

सुंभ तुटलं असतं तर हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं!