माऊस घेताना आधी हात मोजा, मग सेलचं गणित करा

जून लागला की दाखल्यांची गर्दी, जुलैत पीक विमा, त्याच्या आगेमागे शेतकरी ओळखपत्र नाहीतर केवायसी. गावोगावच्या सेवा केंद्रांवर, सोसायटीत, ग्रामपंचायतीत, दूध संकलनावर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाचा हात गर्दीच्या दिवसांत आठ-आठ, दहा-दहा तास माऊसवर असतो. केंद्र टाकताना प्रिंटर कुठला, बोटाचा ठसा घेणारं मशीन कुठलं, याची चौकशी चार ठिकाणी होते. माऊस मात्र दुकानदार पिशवीत टाकेल तो घेतला जातो.

मग दोन तक्रारी ठरलेल्या. संध्याकाळी मनगट आणि अंगठ्याचं बूड दुखतं. आणि विम्याच्या शेवटच्या दिवशी दाराबाहेर रांग उभी असताना वायरलेस माऊसचा सेल बसतो. माऊस नीट पाहून घेतला तर दुसरी तक्रार जवळपास संपते आणि पहिली बरीच कमी होते.

हातात बसणारा माऊस

खुरप्याची मूठ बारीक असली की मुठीला जास्त आवळावं लागतं आणि दुपारपर्यंत बोटं आखडतात. माऊसचं तसंच आहे. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक वायरलेस माऊस लॅपटॉपच्या बॅगेत मावावेत म्हणून लहान केलेले असतात. त्यांची लांबी १० सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि पाठ चपटी असते. मोठ्या हाताच्या माणसाला असा माऊस चिमटीत धरावा लागतो. तळहाताला आधार मिळत नाही, मनगट टेबलाच्या कडेला घासत राहतं आणि सगळं काम तीन बोटांवर येतं.

पूर्ण आकाराचा माऊस साधारण ११ ते १२ सेंटीमीटर लांब असतो आणि त्याची पाठ चांगली उंच असते. त्यावर तळहात विसावतो, बोटं सैल राहतात. अंगठ्याच्या बाजूला खोलगट जागा असेल तर आणखी बरं.

आपला हात मोजायचा कसा? मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. ढोबळ हिशेब असा, की १९ सेंटीमीटर किंवा जास्त भरलं तर मोठा माऊस घ्यावा. १७ ते १९ च्या मध्ये असेल तर मध्यम. त्याहून कमी असेल तर लहान माऊसही चालतो. केंद्रांवर अनेक ठिकाणी ताई-वहिनी काम पाहतात. त्यांचा हात लहान असेल तर मोठा माऊस त्यांना उलट त्रासाचा होईल. डावखुऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, अंगठ्यासाठी खोलगट केलेले बरेचसे माऊस फक्त उजव्या हाताचे असतात.

सेल किती दिवस जाईल?

बहुतेक वायरलेस माऊसमध्ये एए सेल लागतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात टाकतो तो. काही लहान माऊसला त्याहून बारीक एएए सेल लागतो, रिमोटमधला. एएए मध्ये वीज एए च्या निम्म्याहूनही कमी मावते. म्हणून जास्त दिवस हवे असतील तर एए सेलवर चालणाराच माऊस पाहावा.

गणित सोपं आहे. चांगल्या अल्कलाइन एए सेलमध्ये साधारण २००० मिलीअँपिअर-तास वीज धरू. माऊस चालताना सरासरी १० मिलीअँपिअर खात असेल तर सेल २०० तास जाईल. रोज ८ तासांनी ते झाले २५ दिवस. तोच माऊस १ मिलीअँपिअरवर भागवत असेल तर २००० तास, म्हणजे कामाचे २५० दिवस. सेल तोच, फरक माऊसच्या आतल्या चिपचा आणि प्रकाशाचा. माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो, तो टेबलाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो घेऊन हात कुठे सरकला ते ओळखतो. त्यासाठी खाली प्रकाश पाडावा लागतो. जुन्या पद्धतीच्या ठळक लाल दिव्याला वीज जास्त लागते. कमी वीज खाणाऱ्या अनेक माऊसमध्ये डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश असतो.

बॉक्सवर १२ महिने, २४ महिने असं लिहिलेलं असतं, ते ऑफिसातल्या बेताच्या वापरावर काढलेलं असतं. आपल्याकडे गर्दीच्या दिवसांत वापर त्याहून जास्त. तेव्हा लिहिलेल्याच्या निम्मे दिवस धरून चाला. २४ महिन्यांचा माऊस वर्षभर गेला तरी काम झालं.

सेल घेताना वरती अल्कलाइन असं लिहिलेलं पाहा. साधे झिंक-कार्बन सेल स्वस्त पडतात, पण लवकर बसतात आणि आत राहिले की पाझरतात. पाझरलेला सेल पत्र्याचे पॉइंट खाऊन टाकतो आणि चांगला माऊस वाया जातो. केंद्र आठ-पंधरा दिवस बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा. रोज संध्याकाळी पोटावरचं बटण बंद करा.

चार्ज करून पुन्हा वापरायचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. बहुतेक माऊस त्यावर चालतात, फक्त सेल कमी झाल्याचा दिवा थोडा आधी लागू शकतो. असे चार सेल आणि एक चार्जर घेतला की दोन माऊसमध्ये आणि दोन चार्ज करून तयार.

केबलने चार्ज होणारे माऊसही मिळतात. त्यांचं एक चार्जिंग काही आठवडे ते दोन-अडीच महिने जातं. पण आतली बॅटरी चार-पाच वर्षांत उतरली तर ती बदलून देणारा तालुक्यात सापडणं अवघड. एए सेल किराणा दुकानातही मिळतो.

डोंगल की ब्लूटूथ?

जुन्या डेस्कटॉपला बहुधा ब्लूटूथ नसतं, म्हणून यूएसबीत लावायच्या छोट्या डोंगलचा माऊस सोयीचा. लावला की चालू. स्वस्त माऊसचं डोंगल हरवलं तर माऊसही गेला, कारण ते त्याच माऊसशी जोडलेलं असतं. काही कंपन्यांचं डोंगल वेगळं विकत मिळतं आणि पुन्हा जोडता येतं.

पॉइंटर अडखळला की सगळे आधी सेल बदलतात. पण पुष्कळदा दोष जागेचा असतो. यूएसबी ३ चं, म्हणजे बहुधा निळ्या रंगाचं पोर्ट आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. माऊसचं डोंगल त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. उपाय साधा आहे. डोंगल समोरच्या काळ्या पोर्टमध्ये लावा, नाहीतर हातभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन ते माऊसजवळ आणा. वायफायचा राऊटरही दोन-तीन फूट लांब ठेवा.

टेबलावर काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर खाली पॅड हवाच. पॅड नसेल तर जाड साधा पुठ्ठा चालतो.

बाजारात काय आहे?

नावानिशी सांगायचं तर लॉजिटेकचा एम १८५ गावोगाव दिसतो. तो लहान आहे, एक एए सेल आणि कंपनीचा दावा १२ महिन्यांचा. लहान हाताला ठीक. एम ३३१ मध्यम हाताचा, एक सेल, दावा २४ महिन्यांचा, आणि बटणाचा आवाज जवळपास नाही. एम ६५० दोन मापांत येतो. त्यातला एल लिहिलेला मोठ्या हातासाठी, एक सेल, दावा २४ महिन्यांचा. याच मोठ्या मापात डावखुऱ्यांसाठीही एक प्रकार कंपनीने काढला आहे. एम ७०५ हा पूर्ण आकाराचा, उजव्या हाताचा, त्यात दोन सेल बसतात आणि दावा ३ वर्षांचा आहे. इतर कंपन्यांचेही चांगले माऊस आहेत. त्यांनाही हीच मापं लावा. मोठे माऊस महाग पडतात, म्हणून किंमत दुकानात आणि ऑनलाइन दोन्हीकडे ताडून पाहा.

दुकानात हे तपासा

- बॉक्सवरची लांबी, रुंदी, उंची. लांबी ११ सेंटीमीटरच्या पुढे आहे का?
- सेल एए आहे की एएए, आणि किती लागतात?
- माऊस बंद करायचं बटण आहे का?
- दुकानात उघडा नमुना असेल तर पाच मिनिटं धरून बघा. तळहात टेकतो का, करंगळी टेबलावर घासते का?
- पक्कं बिल आणि वॉरंटीचा काळ.

माऊस बदलूनही दुखत असेल तर

माऊस कीबोर्डच्या बरोबरीने, त्याला लागून असावा. कोपर काटकोनात आणि अंगाजवळ. टेबल उंच आणि खुर्ची प्लास्टिकची ठेंगणी असेल तर खांदा वर ओढला जातो, खुर्चीत घट्ट उशी टाका. फॉर्म भरताना पुढच्या चौकटीत जायला टॅब बटण वापरलं तर निम्म्या वेळा माऊसला हात लावावा लागत नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळेवर दाखवलं तर बऱ्याचदा विश्रांती आणि पट्ट्यावर भागतं. उशीर केला तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

आणि एक जुना वायरचा माऊस ड्रॉवरमध्ये असू द्या. त्याला सेल लागत नाही. विम्याच्या शेवटच्या दिवशी शेतकऱ्याला उद्या या म्हणायची वेळ येणार नाही.