वाजणारे थोडे, वागवणारे फार (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण फिल्टरच्या उंबरठ्यावर येऊन थांबलो होतो आणि आज आत पाऊल टाकण्याचे मी कबूल केले होते. ते आज होणार नाही. मधल्या दिवसांत एका वाचकांनी आपल्या नियोजित युरोरॅक संचाची, म्हणजे सुटी मॉड्यूले जोडून करायच्या सिंथेसायझरची, यादी, प्रत्येक मॉड्यूलची रुंदी व किंमत यांसह, सावकाराच्या खतावणीलाही लाजवील इतक्या चोखपणे मांडून पाठविली आहे आणि तिच्याखाली ‘ह्यात काही उणे आहे काय?’ एवढा एकच प्रश्न लिहिला आहे. उणे आहे, आणि जे उणे आहे ते इतके मुळाशी भिडणारे आहे, शिवाय नवागतांच्या याद्यांत ते इतक्या नेमाने आढळते, की त्याचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाणे मला अप्रशस्त वाटते.

यादी अशी. पेटी ८४ एचपी रुंदीची, एका ओळीची. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, तेव्हा एकूण जागा सुमारे ४२७ मिलिमीटर, म्हणजे दीड फुटालाही थोडी कमीच. त्या जागेत तीन व्हीसीओ (नाद उत्पन्न करणारे ऑसिलेटर), दोन फिल्टर, एक रिव्हर्ब, एक सिक्वेन्सर आणि एक एन्व्हेलप. एकूण ८२ एचपी भरले असून उरलेल्या दोहोंसाठी कोऱ्या पट्टीचीही तरतूद केली आहे. तीन व्हीसीओंपैकी प्रत्येकाचा नाद निराळा, दोन्ही फिल्टरांचे घराणे निराळे. निवड करणाऱ्याचा कान उत्तम आहे याविषयी शंका नाही. मात्र ह्या साऱ्या यादीत व्हीसीए एकही नाही, मिक्सर नाही, आणि व्होल्टेज कमी-अधिक करणारा साधा अॅटेन्युएटरदेखील नाही.

असे का होते हे समजण्यासारखे आहे. व्हीसीओ लावला की तो वाजतो, फिल्टरची कळ फिरविली की आवाजाचा रंग पालटतो, रिव्हर्बने तर सामान्य टिचकीलाही देवळाच्या गाभाऱ्याचे गांभीर्य येते. परंतु व्हीसीएला स्वतःचा आवाजच नसल्यामुळे त्याचे गुणवर्णन ऐकवून दाखविता येत नाही आणि जे ऐकवून दाखविता येत नाही ते विकत घेण्याची वासना सहसा कोणाला होत नाही. व्हीसीए, मिक्सर, अॅटेन्युएटर ही मंडळी म्हणजे संस्थानी दप्तरातल्या जुन्या कारकुनासारखी : स्वतः हुकूम काढायचा नाही, पण निघालेला हुकूम कोठे, केव्हा आणि किती जोराने अमलात यायचा ते मात्र ठरवायचे. लहान पेटीसाठी मॉड्यूल निवडताना आपण नादांची निवड करतो असे वाटत असले, तरी वस्तुतः आपण निवडतो ते नादांमधले संबंध. आणि संबंध जोडणाऱ्या मॉड्यूलांवाचून उत्तमोत्तम नादही पेटीत नुसते शेजारी शेजारी राहतात.

आता व्हीसीए करतो काय, ते पाहू. त्याच्यात एक मार्ग संकेताचा आणि एक मार्ग नियंत्रणाचा असतो. नियंत्रणाच्या मार्गावर व्होल्टेज शून्य असेल तर संकेत आतच थोपविला जातो, ते जसजसे चढेल तसतसा संकेत बाहेर येतो. गणिताच्या परिभाषेत हा गुणाकार आहे : एका व्होल्टेजला दुसऱ्याने गुणले. मिक्सर बेरीज करतो, व्हीसीए गुणाकार करतो, आणि ह्या दोन क्रियांवर सबंध मॉड्यूलर संचाचा कारभार चालतो. एन्व्हेलपच्या हुकमाने स्वराला आरंभ, भर आणि विराम देणे हे व्हीसीएचे सर्वपरिचित काम; पुष्कळांना ते एवढेच ठाऊक असते आणि म्हणून एक व्हीसीए घेतला की आपला बंदोबस्त पुरा झाला, असे त्यांना वाटते.

पण ह्या विद्येत ध्वनी आणि नियंत्रण ही दोन्ही व्होल्टेजेच आहेत. ज्या व्हीसीएमधून स्थिर किंवा अत्यंत मंदगती व्होल्टेजही बिनदिक्कत पार होते (त्याला डीसी-कपल्ड म्हणतात, आणि खरेदीपूर्वी ही खात्री अवश्य करून घ्यावी), तो ध्वनीप्रमाणेच नियंत्रणावरही हुकमत चालवू शकतो. येथपासून खरी गंमत सुरू होते, आणि तिच्यासाठी मी आपल्याच संगीतातला एक दाखला घेतो.

दरबारी कानड्यातला कोमल गांधार आंदोलित असतो. गायक त्या स्वरावर येतो, स्वर स्थिरावतो, आणि मग तो हळूहळू झुलू लागतो; हा झोका स्वराबरोबर जन्मत नाही, तो स्वरातून उमलतो. आपल्या पेटीत झोका देणारे मॉड्यूल म्हणजे एलएफओ. तो व्हीसीओच्या स्वरनियंत्रणाच्या जॅकमध्ये सरळ जोडला तर काय होईल? सामान्य एलएफओचे व्होल्टेज उणे पाचापासून अधिक पाचापर्यंत, म्हणजे एकूण दहा व्होल्ट, हेलकावे घेते. एका व्होल्टाला एक सप्तक हा युरोरॅकचा शिरस्ता. तेव्हा दहा व्होल्टांचा झोका म्हणजे दहा सप्तकांचा झोका. माणसाच्या कानाची सारी सीमा, २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत, सुमारे दहा सप्तकांचीच आहे! गांधार झुलवू गेलो आणि ऐकू येण्याजोगे सारे विश्वच एका हेलकाव्यात पालथे घातले, अशी स्थिती होते.

समजा, आपल्याला झोका हवा आहे अर्ध्या अर्धस्वराएवढा. एका सप्तकाचे बारा अर्धस्वर, म्हणून एक अर्धस्वर ८३.३ मिलिव्होल्टांचा आणि त्याचा अर्धा सुमारे ४२ मिलिव्होल्टांचा. दहा व्होल्टांचा हा जवळजवळ दोनशेचाळिसावा हिस्सा झाला. अॅटेन्युएटरची कळ साधारणतः ३०० अंशांतून फिरते; त्यातला दोनशेचाळिसावा हिस्सा म्हणजे सव्वा अंश. बोटाच्या नखाने ढकलली तरी कळ त्याहून अधिक सरकेल. हाच कमीपणा दोन अॅटेन्युएटरांत वाटून दिला, एकाच्या मागे दुसरा जोडला, तर प्रत्येक कळ सुमारे वीस अंशांवर येते आणि हाताला तिचा अंदाज राहतो. पत्रलेखकांच्या यादीत एकही अॅटेन्युएटर नाही याचा अर्थ इतकाच नव्हे की त्यांना आंदोलन साधणार नाही. त्यांच्या पेटीत कोणतीही सूक्ष्म गोष्ट साधणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. काही व्हीसीओंच्या एका जॅकवर स्वतःची कळ असते खरी, परंतु ती एकाच वाटेची राखणदार असते.

झोका उमलण्याचे काम अजून उरलेच आहे. त्यासाठी एलएफओचे हे आवरलेले व्होल्टेज व्हीसीएमधून न्यावे आणि त्या व्हीसीएच्या नियंत्रणमार्गावर सावकाश चढणारे एन्व्हेलप जोडावे. स्वर उमटतो तेव्हा व्हीसीए मिटलेला, म्हणून स्वर स्थिर. एन्व्हेलप चढू लागते तसा व्हीसीए उघडतो आणि झोका वाढत जातो. ह्याने दरबारी होत नाही, हे सांगायला नको. रागाचा आत्मा व्होल्टेजात मावत नाही. परंतु यंत्राच्या आवाजातली जी निर्जीव एकसुरी थरथर ऐकून आपले रसिक कान टवकारण्याऐवजी मान फिरवितात, ती थरथर येथे नाहीशी होते, आणि ती नाहीशी करणारे तिन्ही घटक, दोन अॅटेन्युएटर आणि एक व्हीसीए, स्वतः मुके आहेत.

येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो. व्हीसीएचा प्रतिसाद रेषीय असावा की घातांकी, यावर नवशिके घोटाळतात. ध्वनीची तीव्रता आपला कान गुणोत्तराने मोजतो, म्हणून ध्वनी विझत नेताना घातांकी प्रतिसाद अधिक स्वाभाविक वाटतो. परंतु व्हीसीओकडे जाणाऱ्या नियंत्रणासाठी रेषीयच इष्ट. कारण व्होल्टेजाचे कंपनसंख्येत घातांकी रूपांतर व्हीसीओ स्वतःच्या पोटात करीतच असतो, आणि एकाच हिशेबावर दोनदा व्याज लावण्याचे प्रयोजन नाही. दोन्ही प्रतिसाद कळीने निवडता येतील असा व्हीसीए मिळाला तर लहान पेटीत तोच घ्यावा.

फिल्टर पुढे ढकलल्याबद्दल ज्यांची कुरकुर असेल त्यांच्यासाठी इतिहासाचा पुरावा रुजू करतो. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रूमन्सबर्ग येथे रॉबर्ट मूग यांनी संगीतरचनाकार हर्बर्ट डॉइश यांच्या सहवासात जी पहिली मॉड्यूले उभी केली, ती व्होल्टेजाच्या आज्ञेत चालणारे ऑसिलेटर आणि तशाच आज्ञेतले अॅम्प्लिफायर, म्हणजे आपले व्हीसीओ आणि व्हीसीए, हीच होती. व्होल्टेजाने हलणारा फिल्टर करून पाहा, ही सूचना त्यानंतर टोरांटो विद्यापीठातील गुस्ताव सिआमागा यांच्याकडून आली, आणि एन्व्हेलपचे आरंभ-भर-विरामाचे टप्पे कसे असावेत हे पुढच्या वर्षी व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी मागणीच्या निमित्ताने नेमके करून दिले. मूग यांचे नाव ज्या फिल्टरमुळे सर्वतोमुखी झाले, तो घरात आला तेव्हा व्हीसीए तेथे आधीपासून नांदत होता.

आणखी एका वाचकांनी विचारले आहे की, ही विद्या आपल्या देशात पूर्वी कोणी आणली होती काय. आणली होती, आणि ज्याने आणली त्याचे उदाहरण आजच्या विषयाला विलक्षण अनुरूप आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली मूग यांच्या मॉड्यूलर संचासह एक विद्युत्-संगीतशाळा उभारण्यात आली. तिची मांडणी अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी केली आणि तिच्यामागे गीता साराभाई यांची आस्था होती. तेथे गीताबाईंसह अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी ज्या रचना ध्वनिफितींवर उतरविल्या, त्या दीर्घकाळ संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि पॉल पर्गस यांच्या खटपटीने २०२३ साली ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रकाशात आल्या. त्या मिळवून अवश्य ऐकाव्या.

मला येथे सांगायचे आहे ते ट्यूडर यांच्याविषयी. पियानोवादक म्हणून विश्रुत असलेल्या ह्या गृहस्थाने पुढे पियानो जवळजवळ सोडून दिला आणि १९७२ साली ‘अनटायटल्ड’ या नावाची अशी रचना सिद्ध केली की जिच्यात ध्वनी उत्पन्न करणारे साधनच नव्हते. अॅम्प्लिफायर, मिक्सर, फिल्टर अशी निव्वळ संस्कार करणारी उपकरणे त्यांनी एकमेकांत अशा रीतीने गुंतविली की एकाचे निर्गम फिरून त्याच्याच प्रवेशात यावे. आणि त्या फेऱ्यातून, कोणीही न वाजविता, नाद उत्पन्न झाला. वाजणारे शून्य, वागवणारे सर्व! हे टोक आहे आणि ते आपल्या पेटीने गाठावे असा माझा आग्रह नाही. परंतु एका टोकाला ट्यूडर आणि दुसऱ्या टोकाला आमच्या पत्रलेखकांची यादी अशी रेषा आखली, तर लहान पेटीने ट्यूडरांच्या बाजूला मध्याच्या थोडे पलीकडे उभे राहावे, असे माझे मत आहे.

ते मत आकड्यांत मांडतो. ध्वनीसाठी म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्सचे प्लेट्स हे एकच मॉड्यूल, १२ एचपी. एमिली जिले यांची ही पेढी २०२२ साली बंद झाली असली, तरी त्यांनी आपले आराखडे सर्वांना खुले केले असल्यामुळे त्यावरून इतरांनी केलेल्या आवृत्त्या सहज मिळतात. मेक नॉइजचे मॅथ्स, २० एचपी; ते एन्व्हेलप होते, एलएफओ होते, स्वरास्वरांमधली उडी मिंडीसारखी ओढून देते, आणि त्याच्या चारही मार्गांवर व्होल्टेज कमी करणाऱ्या व उलटे करणाऱ्या कळा आहेत. इंटेलिजेलचा क्वाड व्हीसीए, १२ एचपी. चार व्हीसीए, प्रत्येकाला प्रतिसादाची स्वतंत्र कळ, आणि निर्गम मोकळे सोडले तर पुढच्यात मिसळत जाणारे, म्हणजे मिक्सरही आपोआप पदरात. तालासाठी एएलएमचा पॅमेलाज् न्यू वर्कआउट, ८ एचपी. डॉएप्फर यांचा ए-१३८ मिक्सर, ८ एचपी. त्याचा रेषीय प्रकार नियंत्रणाच्या व्होल्टेजांसाठी घ्यावा. बेरीज ६० झाली.

कोणी आक्षेप घेईल की, प्लेट्सच्या पोटात आवाज उघडणारी-मिटणारी सोय असताना आणखी चार व्हीसीए कशाला? त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे : ती सोय प्लेट्सच्या स्वतःच्या ध्वनीपुरती आहे, नियंत्रणाचे एकही व्होल्टेज तिच्यातून नेता येत नाही. चारांपैकी एक व्हीसीए आवाजाला, एक झोक्याला, एक नादाचा रंग पालटणाऱ्या व्होल्टेजाला, आणि चौथा आज सुचत नाही पण पहिल्याच महिन्यात सुचेल अशा कामाला.

उरलेले २४ एचपी रिकामे ठेवावे. पैकी आठ फिल्टरसाठी राखीव समजा. उरलेल्या सोळांत काय हवे ते पेटी वापरू लागल्यावर आपल्या हातांनाच कळेल. जो रिकामी जागा सोसू शकत नाही त्याने कोऱ्या पट्ट्या बसवाव्या; त्या स्वस्त आहेत, आणि त्यांच्यावर जकात भरताना जिवाला फारसे लागत नाही. प्रत्येक मॉड्यूल अधिक बारा आणि उणे बारा व्होल्टांवर किती मिलिअँपिअर प्रवाह ओढते त्याची बेरीजही यादीच्या कडेला मांडावी आणि पेटीच्या वीजपुरवठ्याच्या क्षमतेपेक्षा ती चांगली चतुर्थांशाने कमी ठेवावी. पट्टेदार केबलवरची लाल रेघ उणे बारा व्होल्टांच्या बाजूला येते, हे पहिले मॉड्यूल जोडण्यापूर्वी दोनदा ताडून पाहावे. उलट जोडणीत प्रत्येक मॉड्यूल तग धरतेच असे नाही.

पत्रलेखकांना माझी सूचना एवढीच की, पैसे पाठविण्यापूर्वी व्हीसीव्ही रॅक हा संगणकावर चालणारा विनामूल्य संच घ्यावा, त्यात प्रथम आपली यादी जशीच्या तशी मांडावी, मग वरची मांडावी, आणि दोहोंवर तो झुलणारा गांधार करून पाहावा. पहिल्या यादीत तो न साधण्याचे कारण त्यांना आता ठाऊक आहे. दुसऱ्या यादीत तो साधल्यावरही त्यांना तीन व्हीसीओंचा मोह आवरला नाही तर त्यांनी ते खुशाल घ्यावे. पण मग पेटी १०४ एचपीची घ्यावी. पुढील आठवड्यात फिल्टर; निदान आज तरी तसा बेत आहे.