आदिजर्मानिक नामांचे प्रत्यय : उगम आणि विकार

(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात आदिजर्मानिक भाषेतील व्यंजनांच्या परिवर्तनाचा विचार झाला. आता तिच्या नामांकडे वळू. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात दक्षिण स्कँडिनेव्हिया व त्यालगतच्या उत्तर जर्मनीत बोलल्या जाणाऱ्या या भाषेचा लेखी दाखला उपलब्ध नसल्यामुळे तिचे स्वरूप तिच्या कन्याभाषांच्या तुलनेतूनच सिद्ध करावे लागते, आणि या कामी संस्कृतची साक्ष फार मोलाची ठरते.

‘दिवस’ या अर्थाचा ‘दगझ्’ हा शब्द पाहा. त्यात ‘दग्’ हा मूळ अंश, ‘अ’ हा प्रातिपदिक घडविणारा प्रत्यय आणि ‘झ्’ हा प्रथमेच्या एकवचनाचा विभक्तिप्रत्यय. म्हणजे ‘देव’ शब्दापुढे ‘स्’ येऊन ‘देवः’ व्हावे, तशीच ही रचना. दोहोंचे मूळ इंडो-युरोपीय ‘-ओस्’ या एकाच अंत्यात आहे. उकारान्त नामांत हे साम्य अधिकच स्पष्ट होते : पुत्रवाचक ‘सुनुझ्’ हा आपल्या ‘सूनुः’चा सहोदर असून गॉथिकमधील त्याचे षष्ठीचे रूप ‘सुनौस्’ थेट ‘सूनोः’ची आठवण देते.

नवी नामे घडविणाऱ्या प्रत्ययांचीही हीच कथा. ‘दीर्घता’, ‘समता’ यांतील ‘-ता’ आणि आदिजर्मानिक ‘-इथो’ यांचा उगम एकच. इंग्रजी ‘डेप्थ’, ‘लेंग्थ’, ‘स्ट्रेंग्थ’ यांच्या अखेरीस त्याचाच अवशेष कायम आहे, आणि ‘लाँग’चे ‘लेंग्थ’ होताना स्वर पालटला तो या प्रत्ययातील लुप्त ‘इ’काराच्या प्रभावाने. काही प्रत्यय मात्र मुळात स्वतंत्र शब्द होते. ‘रीत’, ‘प्रकार’ या अर्थाचे ‘हैदुझ्’ हे नाम, जे संस्कृत ‘केतु’शी संबद्ध मानले जाते, पुढे इंग्रजी ‘चाइल्डहुड’ आणि जर्मन ‘किंडहाइट’ यांच्या उत्तरपदी जाऊन केवळ प्रत्यय बनले.

या भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर स्थिरावला आणि त्यामुळे अंत्य अक्षरे क्षीण होत गेली. दक्षिण जटलंडमधील गाल्लेहुस येथे 1734 साली सापडलेल्या, सुमारे इसवी सन 400 च्या सुवर्णशृंगावर ‘हॉल्तियझ्’ असे पूर्ण रूप कोरलेले होते. गॉथिकमध्ये मात्र स्वर गळून ‘दग्स्’ राहिले, आणि इंग्रजी ‘डे’मध्ये विभक्तीची खूणही उरली नाही. फिनिश भाषेने मात्र प्राचीन काळी उसना घेतलेला ‘कुनिंगस’ हा राजवाचक शब्द, आदिजर्मानिक ‘कुनिंगझ्’मधील अंत्य ‘अझ्’सह, आजतागायत जतन केला आहे.

तात्पर्य, एखाद्या भाषेचे लुप्त वैभव तिच्या वंशजांइतकेच तिच्या शेजाऱ्यांच्या आणि दूरच्या आप्तांच्या मुखीही टिकून राहते. म्हणूनच जर्मानिक व्याकरणाच्या अभ्यासकाने संस्कृत रूपावली हाताशी ठेवावी. पुढील लेखांकात क्रियापदांतील स्वरविकारांचा परामर्श घेऊ.