पाळीव श्वानाचा दंश आणि क्षीणबल रुग्ण

श्वानदंश म्हटला की आपल्या मनात प्रथम येते ते अलर्कविष. सुश्रुताने कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात केलेले त्याचे वर्णन आपण सर्वांनीच अभ्यासिले आहे, आणि रेबीजची लस तातडीने देण्याबद्दल आज दुमत नाही. परंतु लस टोचलेल्या, घरात लाडाने वाढलेल्या कुत्र्याच्या दंशातूनही प्राणघातक व्याधी उद्भवू शकतो, याकडे वैद्यबंधूंचे लक्ष वेधणे आम्हास अगत्याचे वाटते.

कॅप्नोसायटोफेगा कॅनिमॉर्सस हा जीवाणू निरोगी कुत्र्या-मांजरांच्या मुखात स्वभावतःच असतो. श्वानदंशानंतर रक्तगत संसर्ग झालेल्या रुग्णात १९७६ साली बोबो व न्यूटन यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. १९८९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. सशक्तास तो क्वचितच बाधतो. मात्र अपघातामुळे वा थॅलसेमियामुळे ज्यांची प्लीहा काढलेली आहे, मद्यपानाने ज्यांचे यकृत कठीण झाले आहे, जे स्टिरॉइड अथवा कर्करोगाची औषधे घेत आहेत, त्यांच्यात रक्तातील जीवाणू गाळून नष्ट करणारी यंत्रणाच दुबळी असते.

येथे व्रण फसवा असतो. मांजराच्या दंशानंतर पाश्चुरेला जीवाणूमुळे बहुधा एका दिवसातच लाली, सूज व ठणका दिसतो; रुग्ण आपण होऊन येतो. याउलट येथे जखम किरकोळ, कित्येकदा नुसता ओरखडा किंवा जखमेवर कुत्र्याने चाटलेले. काही दिवसांनी ज्वर, छर्दी, अतिसार, उदरशूल. म्हणजे साध्या ज्वरातिसाराचेच चित्र! नंतर त्वचेवर जांभळे चट्टे, बोटे काळी पडणे, रक्तदाब खालावणे. रक्तगत संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश वा अधिक रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून अशा रुग्णास दंश होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना भरू नये. संहितोक्त दाहकर्मही आज करू नये. व्रण कितीही क्षुद्र दिसो, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे; तेथे प्रतिबंधक म्हणून बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट देतात. ज्वर आला असल्यास घटकाभरही थांबू नये. चिठ्ठीत दंशाचा व प्लीहेचा उल्लेख ठळक असावा, कारण हा जीवाणू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो आणि अहवालाची वाट पाहणे परवडत नाही.

जलोदराच्या रुग्णास आहार, मल, निद्रा सारे विचारणारे आम्ही, घरी कुत्रे आहे का हे मात्र कधी विचारीत नव्हतो. आता केसपेपरवर तसा रकाना छापून घेतला आहे.