रणगाडा रुतत का नाही

जुलैतली गोष्ट. चाळीतला कांदा पिंपळगावच्या मार्केटला न्यायचा म्हणून संध्याकाळीच ट्रॉली भरून ठेवली, रात्री पाऊस झाला आणि सकाळी ट्रॉली बांधापाशी आसापर्यंत रुतली. दोन ट्रॅक्टर लावून, चाकांखाली पाचट आणि रिकामी पोती घालून ती बाहेर निघाली तेव्हा दुपार झाली होती. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, चार टनांचं हे असं, मग चाळीस टनांचा रणगाडा शेतातून जातो कसा?"

प्रश्न नेमका मुद्द्याचा आहे. रणगाडा म्हटलं की सगळ्यांची नजर तोफेकडे जाते, पण हे यंत्र जन्माला आलं ते चिखलासाठी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधली जमीन तोफगोळ्यांनी उलथून टाकलेली, वर पाऊस, मधे काटेरी तारा आणि खंदक. माणूस, घोडा, मोटार, काहीच पुढे सरकेना. तेव्हा पट्ट्यांवर चालणारं चिलखती वाहन तयार करण्याचं काम इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर या कारखान्याकडे आलं. हा कारखाना मळणीयंत्रं आणि शेतीची इंजिनं बनवणारा! गुप्तता राहावी म्हणून या पाण्याच्या टाक्या आहेत असं सांगितलं जाई. 'टँक' हे नाव त्यातूनच चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत हे टँक पहिल्यांदा रणांगणावर उतरले. शेतीच्या कारखान्यात जन्मलेलं हे यंत्र शेतकऱ्याला लवकर समजतं, असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब करू. रुतणं वजनावर ठरत नाही. ते वजन किती जागेवर पसरलं आहे यावर ठरतं. आपल्या लष्कराचा टी-७२ 'अजेय' सुमारे ४१ टनांचा. त्याच्या एका पट्ट्याची रुंदी ५८ सेंटिमीटर आणि जमिनीला टेकलेली लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. दोन्ही पट्टे मिळून साधारण ४९ हजार चौरस सेंटिमीटर जागा होते. ४१ हजार किलोंना तिने भागलं की दर चौरस सेंटिमीटरवर भार येतो एक किलोहूनही कमी, ०.८च्या घरात. उलट भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये शंभर पीएसआयच्या आसपास हवा असते, आणि टायर जमिनीला ढोबळमानाने आतल्या हवेइतक्याच दाबाने टेकतो. तो होतो चौरस सेंटिमीटरला सात किलो. म्हणजे एखाद्या जागी चिखलात ट्रक बसेल आणि त्याच जागेवरून त्याच्या कितीतरी पट वजनाचा रणगाडा निघून जाईल. पाय बुडणाऱ्या जागी आपण फळी टाकून चालतो; रणगाडा आपली फळी स्वतःच अंथरतो, तिच्यावरून जातो आणि मागून उचलून पुन्हा पुढे आणतो.

हे अंथरणं-उचलणं जवळून पाहण्यासारखं आहे. पट्टा म्हणजे पोलादी कड्यांची जाड साखळी. प्रत्येक कडी शेजारच्या कडीला खिळीने जोडलेली. टी-७२ मध्ये इंजिनाची ताकद मागच्या दातेरी चाकाला मिळते. सायकलचं दातेरी चाक चेन ओढतं तसं ते पट्टा ओढतं. पुढच्या टोकाला पट्ट्याचा ताण कमी-जास्त करणारं चाक. मधे दोन्ही बाजूंना सहा-सहा मोठी चाकं. सगळं वजन त्यांच्यावर, आणि ती स्वतःच्याच पट्ट्यावरून धावतात, जशी आगगाडी रुळावरून. ताण सैल झाला तर वळणावर पट्टा चाकांवरून निसटतो आणि चाळीस टनांचं धूड जागच्या जागी थांबतं. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर जवानांचा पहिला वेळ पट्टे तपासण्यात, खिळ्या ठोकण्यात आणि अडकलेला चिखल खरवडण्यात जातो.

वळण्याचं गणितही आपल्या ओळखीचं. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. तासाच्या टोकाला आलं की एकच ब्रेक दाबून आपण ट्रॅक्टर जागेवर फिरवतो. रणगाडा वळतो तो याच तत्त्वावर: एका बाजूचा पट्टा मंद करायचा, दुसरा चालू ठेवायचा. टी-७२ मध्ये चालकापुढे स्टेअरिंगऐवजी दोन दांडे असतात, आणि दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळे गिअरबॉक्स. इंजिन ७८० अश्वशक्तीचं. टनामागे १९ अश्वशक्ती पडते. दोन टनांचा, ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला तर तिथे टनामागे २२ होतात. फार लांबचा आकडा नाही. डिझेल मात्र किलोमीटरला अडीच लिटरच्या आसपास जातं. एवढं डिझेल, पट्ट्यांची झीज आणि रस्त्याचं नुकसान, यामुळे लांबच्या प्रवासाला रणगाडा स्वतः चालत नाही, रेल्वेने किंवा मोठ्या ट्रेलरवरून जातो.

पण रुततच नाही असं कोणी समजू नये. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर इथे आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडलं. पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते, त्या काळी जगात नाव असलेले, ४५ टनांच्या आसपासचे. भिजलेल्या रानात ते अडकले, संथ झाले, आणि उसाआड दबा धरलेल्या आपल्या रणगाड्यांना आणि तोफांना समोर सापडले. जीपवरच्या रिकॉइललेस गनने एकामागून एक पॅटन फोडणारे अब्दुल हमीद याच लढाईत धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. पाकिस्तानने तिथे नव्वदहून अधिक रणगाडे गमावले. रानाला वापसा आहे की नाही हे ज्याला कळतं, त्याला ही लढाई अर्धी समजली.

आता चिलखताकडे. काकडी सरळ कापली तर चकती लहान निघते, तिरकी कापली तर लांब. रणगाड्याचं कपाळ तिरकं ठेवतात ते यासाठीच. गोळा आडवा येतो आणि तिरक्या पत्र्यातून त्याला कितीतरी जास्त पोलाद कापत जावं लागतं. कधी तो घसरून वरच निघून जातो. पत्र्याच्या पोटात वेगवेगळ्या पदार्थांचे थरही असतात. बाहेरून विटा लावल्यासारखे दिसणारे चौकोनी डबे वेगळ्याच कामाचे. त्यांत दोन पत्र्यांमध्ये स्फोटक असतं. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र फुटलं की धातूची अतिवेगवान धार निघते आणि चिलखताला भोक पाडते. ती धार डब्याला लागताच आतलं स्फोटक उडतं, पत्रे तिच्या वाटेत आडवे फेकले जातात आणि धार तुटते. हे चिलखत आपल्या लष्करासाठी पुण्याच्या 'एचईएमआरएल' प्रयोगशाळेने विकसित केलं.

तोफेविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तीच सगळे विचारतात: नळीच्या मध्यावर तो फुगवटा कसला? गोळा सुटताना नळीतला थोडा वायू बारीक भोकांतून त्या पोकळ फुगवट्यात शिरतो. गोळा बाहेर पडला की नळीतला दाब उतरतो आणि कोंडलेला वायू तोंडाच्या दिशेने जोरात निघतो. जाताना उरलेला धूर ओढून नेतो. हा फुगवटा नसता तर तोफेचं मागचं तोंड उघडताच विषारी धूर जवानांच्या अंगावर आला असता. टी-७२ मध्ये तिघेच असतात, चालक, गनर आणि कमांडर. गोळे भरण्याचं काम खालचं फिरतं यंत्र करतं. आपल्याच 'अर्जुन' रणगाड्यात चौघे, तिथे गोळा माणूस भरतो.

रणगाडे बनतात चेन्नईजवळ आवडीला, पण त्यांत आपल्या राज्याचं काम बरंच आहे. अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ पुण्यात पाषाणच्या 'एआरडीई' प्रयोगशाळेने आखली. ओढे-कालवे ओलांडायला ७५ मीटरपर्यंत पसरणारा 'सर्वत्र' पूल दिघीच्या प्रयोगशाळेचा. आणि रणगाडा शिकवला जातो तो नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून तिथे आहे, सरावाची केके रेंज जवळच. खारे-कर्जुने गावावरून तिचं नाव पडलं. आठ चाकांचं नवं चिलखती वाहन घडवणारी 'व्हीआरडीई' संस्थाही नगरचीच. आमच्याकडे ओझरला विमानं, देवळालीला तोफखाना. रणगाड्यासाठी मात्र नगरच गाठावं लागतं.

पुतण्याला मी तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये घेऊन गेलो. निफाड, कोपरगाव, राहुरी करत सकाळी पोचलो. वाटेत त्याला अरुण खेत्रपाल यांच्याविषयी सांगितलं. जन्म पुण्यातला, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला असताना बाहेर पडण्याचा हुकूम येऊनही ते तोफ चालते आहे म्हणून आतच राहिले आणि लढता लढता गेले. वय २१. त्यांचा 'फामागुस्टा' नावाचा सेंच्युरियन रणगाडा नगरच्या आर्मर्ड सेंटरने जपून ठेवला आहे. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही.

म्युझियममध्ये रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे, चर्चिल, व्हॅलेंटाइन, विजयंता हे रणगाडे आहेत. पोरगा थांबला तो पॅटनपाशी. पट्ट्याच्या कड्यांवर व्हीसारखे उंचवटे असतात. "काका, हे तर आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसारखं!" म्हणत तो उकिडवा बसला आणि विती टाकून पट्ट्याची रुंदी मोजू लागला. साडेतीन विती भरली. घरी आल्यावर दप्तर टाकून तो थेट गोठ्यामागे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे गेला. मागचा टायर पावणेदोन विती भरला, आणि ट्रॉलीचा एकच.