पेशीच्या आतली रस्सीखेच

रोगजंतू गिळणाऱ्या उंदराच्या भक्षक पेशीपुढे प्लॅस्टिकचा एक मणी ठेवला. मणी एवढा बारीक, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचा नाही. पेशीने तो जंतू समजून गिळला, पिशवीत गुंडाळला आणि पिशवी आत ओढायला सुरुवात केली. आता संशोधकांनी लेझरचा झोत नेमका त्या मण्यावर रोखला. एकवटलेला प्रकाश मण्याला चिमट्यासारखा धरतो. मणी जितका लांब जाईल तितका तो त्याला मागे खेचतो. मणी थोडा सरकला, मंदावला, अडला आणि मग सुटून झटकन मागे आला. तो किती लांब जाऊन अडला यावरून ओढणाऱ्याचा जोर कळतो.

हा प्रयोग मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. करणारे होते रूप मल्लिक आणि त्यांचे विद्यार्थी. मल्लिक मूळचे भौतिकशास्त्राचे. पीएचडी याच संस्थेतून, तीही भौतिकशास्त्रातच. पुढे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला स्टीव्हन ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेत ते जीवशास्त्राकडे वळले आणि पेशीतल्या ओझेवाहू प्रथिनांचे होऊन गेले.

ही प्रथिने हवीत कशाला? पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटाकडे जाणाऱ्या चेतातंतूची लांबी जवळजवळ एक मीटर असते. टोकाला लागणारा बराचसा माल कण्याजवळच्या पेशीकायेत तयार होतो आणि आपोआप पसरत तो टोकाला पोहोचणे अशक्य. म्हणून पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून एटीपीच्या इंधनावर चालणारे हमाल. कायनेसिन हा हमाल 1985 साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या चेतातंतूत सापडला. तो सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर चालतो. या वेगाने न थांबता गेला, तर मीटरभर वाट साडेअकरा दिवसांची. अर्थात एकच कायनेसिन इतका लांब जात नाही. तो मध्येच सुटतो, दुसरे ओझे उचलतात. तो बहुधा पेशीच्या कडेकडे जातो. उलट दिशेने, आतल्या बाजूला माल आणणारा तो डायनिन.

जोराच्या बाबतीत दोघांत फार तफावत आहे. शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर घेतले की साधारण एक न्यूटन जोर जाणवतो. त्याचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन. कायनेसिन एकटा पाच-सहा पिकोन्यूटन लावतो. मल्लिक यांच्या मापनात डायनिनचा जोर एकाच्या आसपास भरला. मग जड पिशव्या डायनिन ओढतो तरी कसा?

उत्तर आहे जमाव. 2009 साली याच गटाने एका अमीबासदृश जीवाच्या पेशीत पिशवी दोन्हीकडून ताणली जाताना पाहिली होती: एका बाजूला एखादा कायनेसिन, दुसऱ्या बाजूला अनेक डायनिन. 2013 साली मण्याच्या प्रयोगाने याचे मर्म उलगडले. ओझे वाढले की कायनेसिन रूळ सोडून देतो. डायनिन मात्र एका मर्यादेपलीकडे ताण आला की रूळ अधिक घट्ट धरतो. पुढच्याने असा पाय रोवला की मागच्यांना त्याला गाठायला वेळ मिळतो आणि ओझे सगळ्यांत वाटले जाते. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला हाच सर्वांत देखणा निष्कर्ष आहे, कारण तो कुणी कल्पनेने मांडलेला नाही, जिवंत पेशीत मोजलेला आहे.

यात रोगाचाही प्रश्न गुंतलेला आहे. गिळलेला जंतू पचनपिशवीपर्यंत पोहोचला तरच मरतो. 2016 साली या गटाने दाखवले, की त्या प्रवासासाठी पिशवीच्या आवरणावर कोलेस्टेरॉलने समृद्ध ठिकाणी डायनिन घोळक्याने जमतात. काळा आजार जडवणाऱ्या लिश्मानिया परजीवीच्या अंगावरचा एक रेणू नेमकी हीच जमवाजमव बिघडवतो.

मल्लिक यांना 2014 साली भटनागर पुरस्कार आणि 2018 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला; पुढे ते पवईच्या आयआयटीत आले. दरम्यान त्यांच्या गटाने यकृताकडेही मोर्चा वळवला होता. पोटभर खाल्लेल्या उंदरांच्या यकृतात चरबीच्या थेंबांवर कायनेसिन भरपूर होते आणि ते थेंबांना पेशीच्या कडेकडे नेत होते. उपाशी उंदरांच्या यकृतात चरबी साठली होती, पण तिला ओढणारे कायनेसिन थेंबांवरून उतरले होते. त्यामुळे ती चरबी एकदम रक्तात न जाता यकृतातच थांबली.